पाना स्वस्त, बोल्ट महाग : गॅरेजातले नऊ महिने

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गॅरेजातली सगळी हत्यारं जमिनीवर ओतायची, डिझेलनं पुसायची आणि मोडकी-झिजकी वेगळी काढायची, हा आमचा वडिलांपासूनचा शिरस्ता. मागच्या दसऱ्याला वेगळ्या काढलेल्यांचा ढीग पूजेच्या ढिगापेक्षा मोठा झाला. चार गोट्या (बोल्टच्या डोक्यावर बसवायचे सॉकेट) चिरलेल्या, गोटी फिरवायचे दोन दांडे, म्हणजे रॅचेट, दोन्हीकडं मोकळे फिरणारे, आणि स्क्रूड्रायव्हर तर झाडून सगळे टोकाला गुळगुळीत. तीन-चार वर्षं "सध्या हेच घे, चांगलं नंतर बघू" करत आलो होतो, त्याचा तो ढीग.

मग ठरवलं, यंदा तीन प्रकारची हत्यारं घ्यायची आणि एकाच कामाला आलटून-पालटून वापरायची. माझं गॅरेज कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ, फक्त दुचाकी. मी आणि हाताखाली एक आयटीआय झालेला पोरगा. म्हणजे हे घरी महिन्यातून एकदा चेन घट्ट करणाऱ्याचं मत नाही, दिवसाला सात-आठ गाड्या खोलणाऱ्याचं आहे.

पहिल्या प्रकारात ऑनलाइन मिळणारा गोट्या-रॅचेटचा पाव इंची (गोटी ज्या चौकोनावर बसते त्याचं माप) सेहेचाळीस नगांचा डबा आणि तसल्याच भावातले फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाचे, पाने. नाव घेत नाही, तसल्या डब्यांवर नावं दर सहा महिन्यांनी बदलतात. दुसऱ्या प्रकारात नाशिकची टपारिया: फिक्स पान्यांचा सेट, रिंग पान्यांचा सेट, पकड. हे शाहूपुरीत ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलानं घेतलं, कारण त्यांच्या नावाचा डुप्लिकेट मालही फिरतो. तिसऱ्यात जपानी कोकेनच्या तीन अष्टमांश इंची गोट्या आणि रॅचेट, क्निपेक्सची कोब्रा पकड, व्हेसलचे स्क्रूड्रायव्हर आणि सहा जर्मन कॉम्बिनेशन (एका टोकाला उघडं तोंड, दुसऱ्याला रिंग) पाने. तिसऱ्या प्रकाराला एकूण बावीस हजारांच्या आसपास गेले. घरी आकडा सांगितला नाही. ओळखायला बायकोच्या नेलपेंटचे तीन रंगांचे ठिपके मारले, तेव्हा सगळं बाहेर आलंच.

सुरुवात दहाच्या पान्यापासून, कारण दुचाकीचं निम्मं काम आठ-दहा-बारात होतं. दहाच्या बोल्टचं डोकं दहा मिलिमीटरच्या वर नसतं, थोडं कमीच असतं. पान्याचं तोंड दहापेक्षा किंचित मोठं लागतं, नाहीतर बसणारच नाही. सगळी गंमत त्या किंचितमध्ये आहे. बारीक माप घ्यायचा डिजिटल व्हर्नियर लावला. जर्मन पाना 10.08, टपारिया 10.14, स्वस्तातला 10.31. आकडे बघून तेव्हा हसू आलं होतं, मिलिमीटरच्या चिमूटभराचा तर फरक. पण चार महिने वापरून पुन्हा मोजलं तेव्हा पहिले दोन होते तिथंच होते आणि तिसरा 10.46 झाला होता. तोंडच फाकलं होतं. तसला पाना डोक्याच्या सपाट बाजूवर बसतच नाही, सहा कोपऱ्यांवर चढतो. कोपरा एकदा दबला की बोल्ट गोल झाला म्हणून समजा.

आणि इथंच माझा जुना हिशेब चुकत होता. मी पान्याची किंमत पान्यात धरत होतो. सायलेन्सरच्या स्टडवरचा (इंजिनात रुतवलेल्या आट्यांच्या दांडीवरचा) नट पाच-दहा रुपयांचा. तो गोल झाला की छिन्नी, नाहीतर ग्राइंडर. त्या झटापटीत स्टडच इंजिन हेडमध्ये तुटला, की ड्रिल मारा, उरलेला तुकडा काढा, आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवा. अर्धा दिवस गेला, आणि गिऱ्हाईक म्हणणार, "मालक, आलो तेव्हा चांगला होता की ओ." खरंही असतं ते. त्या अर्ध्या दिवसात तीन सर्व्हिसिंग झाल्या असत्या.

गोट्यांच्या बाबतीत हा फरक अजून जास्त जाणवतो. स्वस्त डब्यात बऱ्याचदा बारा कोनी गोट्या येतात. त्या पटकन बसतात, पण गंजलेल्या बोल्टवर पकड कोपऱ्यांवरच येते. गंजलेल्या कामाला सहा कोनीच पाहिजे. चांगल्या गोट्यांच्या आत बघितलं तर कोपऱ्यांना छोटी गोलाई दिसते, त्यामुळं जोर बोल्टच्या कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येतो. हा प्रकार अमेरिकेच्या स्नॅप-ऑननं साठच्या दशकात आणला, आता चांगल्या कंपन्यांच्या बहुतेक गोट्यांत तो असतो. स्वस्त गोटीतही ती गोलाई दिलेली दिसते, पण हाताला लागतं की आतली कड खरखरीत आहे.

रॅचेटची गोष्ट हातावर कोरलेली आहे. डब्यातला पाव इंची रॅचेट डिसेंबरात एका स्कूटरच्या मागच्या शॉकअपच्या बोल्टवर लावला. तसा बोल्ट पाव इंचीनं सोडायचा नसतो हे मला कळत होतं, पण तो हाताशी होता. जोर दिला, आतला खटका दातावरून निसटला आणि मूठ सरळ चॅसीच्या पत्र्यावर. दोन बोटांना पाच टाके. चूक माझी निम्मी, रॅचेटची निम्मी. मोडलेला रॅचेट खोलून बघितला तर आत एकच खटका, त्याची धार उडालेली, ग्रीसचा पत्ता नाही. दात चोवीस, म्हणजे पुढचा दात पकडायला हात पंधरा अंश मागं न्यावा लागतो. चांगले रॅचेट बहात्तर दातांचे मिळतात, त्यांना पाच अंश पुरतात. मोकळ्या जागेत काही फरक पडत नाही. पण ॲक्टिव्हाच्या बॉडीखाली हात घातल्यावर तेवढीच जागा असते, तिथं दातांची संख्या काम करते.

आता सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त काय मिळालं ते सांगतो. स्क्रूड्रायव्हर.

जानेवारीत कसबा बावड्याचा एक गिऱ्हाईक वडिलांची यामाहा आरएक्स 100 घेऊन आला. ही गाडी 1996 ला बंद झाली, म्हणजे इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू निदान अठ्ठावीस वर्षांचे. आधीच्या कुणीतरी एकाची खाच पार खराब केली होती, बाजूला छिन्नीचा वण. मी आयुष्यभर असे स्क्रू साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरनं काढत आलो, आणि चारात एक तरी खराब करत आलो. दोष मी गंजाला देत होतो. यावेळी स्क्रूच्या डोक्यावर बारीक नजर टाकली तर फुलीच्या शेजारी टोचल्यासारखा एक ठिपका. तो ठिपका म्हणजे जपानी पद्धतीची खाच, जेआयएस. दिसायला साध्या फुलीसारखी, म्हणजे फिलिप्ससारखीच, पण फिलिप्सच्या टोकाच्या बेचक्यात गोलाई जास्त असते. ते टोक तळापर्यंत बसायच्या आधीच कडेला अडकतं, वर उचललं जातं आणि खाच खरवडून टाकतं. आपल्याकडच्या होंडा, यामाहा, सुझुकीच्या जुन्या गाड्यांत, कार्ब्युरेटरच्या बाउलवर, सगळीकडं हीच खाच. आणि आम्ही सगळे फिलिप्स घेऊन बसलेलो.

व्हेसलचा क्रमांक तीनचा स्क्रूड्रायव्हर लावला. बसला तो असा, की गाडी आडवी केली असती तरी पडला नसता. मागून हातोडीचा एक ठोका, मग पिळ. "कट्" असा कोरडा आवाज आला आणि स्क्रू हलला. एक सोडून सगळे असेच निघाले. तो छिन्नीवाला हातोडीनं ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरवर गेला. पोरगा शेजारी उभा होता, म्हणाला, "आईशप्पथ, मालक, इतकी वर्षं आपण स्क्रूला शिव्या देत होतो." या स्क्रूड्रायव्हरला जेवढे पैसे पडले, तेवढ्यात रविवारी घरात मटणाचा बेत होतो. दुचाकीचं काम करणाऱ्यानं बाकी काही नाही घेतलं तरी क्रमांक दोन आणि तीनचा जेआयएस घ्यावा.

जर्मन पान्यांवर मात्र माझा जीव बसला नाही. हाताला लोण्यासारखे आहेत, पॉलिश बघत बसावं असं. पण रोजच्या कामात ते आणि टपारियाचा रिंग पाना यात मला इतका फरक दिसला नाही की दहापट पैसे मोजावेत. रिंग पान्याला पकड चहूबाजूंनी असते, तिथं मधल्या भावाचा फोर्ज केलेला (तापवून ठोकून घडवलेला) पाना पुरून उरतो. शिवाय महाग पान्याचं एक वेगळंच दुखणं. तो हरवेल म्हणून मी पेटीला कुलूप लावायला लागलो, किल्ली खिशात. पोरगा मागायचा, मी हात पुसून किल्ली काढायचो, तोपर्यंत तो दुसऱ्या पान्यानं काम उरकून मोकळा. कुलपातला पाना असून नसल्यासारखा. मार्चमध्ये एका बुलेटवेड्या गिऱ्हाइकाला सहाही पाने विकले. त्याला आनंद, मला सुटका.

कोब्रा पकड मात्र विकायची नाही. बटण दाबलं की जबडा हवा तिथं बसतो आणि गोल, गंजलेल्या पाइपवर पण जोर देईल तशी आणखी घट्ट धरते. साध्या पकडीनं हे होत नाही, आणि साध्या पकडीचं काम या पकडीनं करू नये. चांगल्या नटावर लावली तर दातांचे वळ उठतात.

टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे ठरवलेल्या जोराला बोल्ट पिळला की कटकन वाजणाऱ्या पान्याबद्दल, थोडं सविस्तर, कारण इथं बरेच जण फसतात आणि मीही फसलो होतो. पूर्वी अर्धा इंची घेतला होता, अठ्ठावीस ते दोनशे दहा न्यूटन-मीटरचा (पिळायचा जोर यात मोजतात). चारचाकीच्या चाकाला ठीक आहे. दुचाकीच्या इंजिन कव्हरचे एम सिक्स, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचे, बोल्ट दहा-बारा न्यूटन-मीटरचे, म्हणजे त्या रेंचवर तो आकडाच नाही. यंदा पाव इंची, पाच ते पंचवीसचा घेतला आणि मुद्दाम स्वस्तातला, सव्वीसशेचा. वाटलं होतं खोटं सांगेल. म्हणून घरगुती परीक्षा केली. रेंचचा चौकोन व्हाइसमध्ये धरला, रेंच आडवा, आणि चौकोनापासून चोवीस सेंटिमीटरवर मुठीच्या मध्यावर दोरीनं चार किलोचं वजन टांगलं. चार गुणिले 9.81 गुणिले 0.24, म्हणजे साधारण 9.4 न्यूटन-मीटर. रेंचचं स्वतःचं वजनही खाली ओढतं, ते माझ्या रेंचला सुमारे 0.7. मिळून दहा. रेंच दहावर लावून वजन हळू सोडलं, कटकन वाजला. साडेदहावर लावला, वाजला नाही. अशा वाजणाऱ्या, क्लिक टाइप रेंचला ज्या आंतरराष्ट्रीय मानकानं मोजतात त्यात दहाच्या वर चार टक्के चूक चालते, माझा त्यात आहे की नाही हे दोरी-वजनावर कळणार नाही. पण अंदाजानं पिळून आटे घालवण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

मे महिन्यात पोरानं तो बावीसवर लावून तसाच डब्यात टाकला, पंधरा दिवस. काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग दबून राहते. परत वजन टांगून बघितलं तर दहावर लावलेला रेंच आता साडेनऊच्या जोरालाच वाजतोय. दोष त्याचाही नाही, मी सांगितलंच नव्हतं.

पेटीतल्या सगळ्यात लाडक्या हत्याराला मात्र कुठलाच ब्रँड नाही. मॅग्नेट (इंजिनाच्या दांड्यावर घट्ट बसलेलं चुंबकाचं चाक) ओढून काढायचा पुलर. बाजारातल्या दोन पुलरचे आटे माझ्या हातात खलास झाले. शेवटी गावातल्याच उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं गेलो, मॅग्नेट दाखवला. त्यानं ईएन 24 या चिवट पोलादाचा तुकडा काढला, आटे मारले, मधला बोल्ट कडक करून आणला आणि म्हणाला, "जावा, आता मॅग्नेट तुटंल, ह्यो नाय." क्लच धरायचं हत्यारही तिथलंच, जुन्या क्लच प्लेटला दांडा वेल्ड करून. ज्या गावात ओतकाम आणि लेथ गल्लीगल्लीत आहेत, तिथं स्पेशल टूल बाहेरून मागवण्यात अर्थ नाही.

गंजाचं बोलायचं तर कोल्हापूरचा पावसाळा हीच परीक्षा आहे. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी आमच्या भागात शिरलं, गाळ काढताना दिसलं की वडिलांचे काळे, क्रोम नसलेले फोर्ज केलेले पाने धुऊन-पुसून तेल लावल्यावर जसेच्या तसे आणि चमकणाऱ्या स्वस्त पान्यांचं क्रोम फोड आल्यासारखं सुटलेलं. सुटलेल्या क्रोमची कड ब्लेडसारखी हात कापते. यंदा पूर नसताना, नुसत्या जुलैच्या दमटपणात स्वस्त डब्यातल्या निम्म्या गोट्या तांबूस पडल्यात.

आमचा पोरगा दिवाळीनंतर स्वतःचं दुकान टाकायचं म्हणतोय. त्यानं विचारलं म्हणून सांगितलं: फिक्स आणि रिंग पाने मधल्या भावातले घे, सहा कोनी गोट्या आणि रॅचेट जरा पोट मारून चांगले घे, जेआयएस घे, पाव इंची टॉर्क रेंच स्वस्तातला चालेल, पुलर मी करून देतो. हातोडी, छिन्नी, फनेल यांना ब्रँड कशाला.

खंडेनवमी आता तीन महिन्यांवर आली. बुलेटवाल्याकडून आलेल्या पैशातून टॉर्क रेंच कॅलिब्रेट करून आणायचाय आणि दहाच्या दोन गोट्या मागवायच्यात. एक हरवली होती. तिच्या जागी आणलेली दुसरी परवापासून दिसत नाही.