मामांच्या अंत्यदर्शनाची लिंक खोटी निघाली

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यापासून विमानाने चौदा तासांच्या अंतरावर होते. लवकरात लवकर मिळत होतं ते तिकीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं आणि विधी सकाळी व्हायचा होता. पोचणं शक्यच नव्हतं. ज्यांनी मला सायकल शिकवली, वडील गेल्यावर माझ्या फीचे पैसे भरले, त्यांचा चेहरा शेवटचा बघायला मिळणार नव्हता. मी कुठल्या अवस्थेत लॅपटॉपसमोर बसले होते ते कळावं म्हणून हे सांगते.

मामेभावाने, दादाने, सोशल मीडियावर पोस्ट टाकली होती. मामांचा फोटो, पूर्ण नाव, वय, विधीची जागा आणि वेळ सकाळी १०. मामा शिक्षक होते, त्यांचे विद्यार्थी जगभर पांगलेले, म्हणून पोस्ट सगळ्यांना दिसेल अशीच ठेवलेली. तासाभराने वेळ बदलून ११ झाली आणि दादाने पोस्ट दुरुस्त केली. ती दुरुस्ती मी पाहिली नाही.

पोस्टखाली श्रद्धांजलीच्या कमेंटींमध्ये एक कमेंट होती: ‘ज्यांना प्रत्यक्ष येणे शक्य नाही त्यांच्यासाठी थेट प्रक्षेपणाची सोय केली आहे. कृपया ही लिंक इतर नातेवाइकांनाही पाठवावी. आपले, कुटुंबीय.’ कमेंट करणाऱ्याच्या प्रोफाइलवर मामांचाच फोटो होता. मला शंका आली नाही. २०२० च्या साथीत किती तरी घरांनी आपल्या माणसाला असंच पडद्यावरून निरोप दिला, तेव्हापासून ही गोष्ट नवी राहिलेली नाही. दादानेच सोय केली असणार असं मी धरून चालले. मावशीला लिंक पाठवली आणि वर लिहिलं, ‘दादाने सोय केली आहे, यावर बघ.’ दादा मला असं काहीही म्हणाला नव्हता. ते वाक्य माझं होतं, आणि आजही तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

लिंक उघडली. काळी पार्श्वभूमी, मध्ये मामांचा फोटो, खाली उलटं मोजणारं घड्याळ. फोटोत मामांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता आणि तिथेच फोटो कापलेला होता. हात मामीचा होता, हिरव्या बांगड्यांवरून ओळखला. घरच्या माणसाने मामीला असं कापून टाकलं असतं का? त्या वेळी मनात आलं ते एवढंच, की घाईत झालं असेल.

बटण दाबल्यावर नाव विचारलं, ईमेल विचारला, मग कार्डाचा नंबर. ‘ओळख पडताळणीसाठी. कोणतीही रक्कम कापली जाणार नाही.’ इथे मी थांबले होते. खरंच थांबले होते. पण घड्याळात चार मिनिटं उरली होती आणि मामांना शेवटचं बघायचं होतं. नंबर टाकला. ‘हे कार्ड स्वीकारले गेले नाही, कृपया दुसरे वापरा.’ मी दुसरं कार्डही टाकलं. मग पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं आणि खाली अक्षरं, ‘प्रक्षेपण लवकरच सुरू होईल.’

वीस मिनिटांनी बँकेचा पहिला मेसेज आला, छोट्या रकमेचा. लगेच दुसरा, मोठ्या रकमेचा. मग दुसऱ्या कार्डावरून तिसरा. पैसे घेणाऱ्याचं नाव कुठल्या तरी सिनेमे दाखवणाऱ्या सेवेसारखं होतं. मी बँकेला फोन लावला आणि रांगेत अडकले. एका कार्डाची तक्रार झाली, मग दुसऱ्याची. त्यातच अकरा वाजून गेल्यावर दादाचा व्हिडिओ कॉल आला. बँकेचा फोन सोडवेना, म्हणून मी तो कापला. तो पुन्हा आला, मी पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बँकेचा माणूस कार्डाचे शेवटचे आकडे विचारत होता.

मोकळी झाले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादा म्हणाला, “अगं, फोन का उचलत नव्हतीस? बाबांच्या चेहऱ्याजवळ धरून उभा होतो मी, तुझ्यासाठी.” मी लिंकचं विचारलं. त्याने विचारलं, “कुठली लिंक?”

पैशांचं नंतर बघता येतं. हे बघता येत नाही.

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने भिंग धरून कार्डाचे आकडे टाकले होते. तिच्या पेन्शनच्या खात्यातून दोनदा पैसे गेले आणि तिला ते चार दिवसांनी कळलं. मी माफी मागितली तर म्हणाली, “तू पाठवलीस गं, मग मी कशाला विचारणार?” या लोकांचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. अनोळखी माणसाने पाठवलेल्या लिंकवर मावशीने बोटही ठेवलं नसतं. म्हणूनच कमेंटमध्ये ‘इतर नातेवाइकांना पाठवा’ असं लिहिलेलं असतं. पुढचं काम आपण करतो, आपल्या नावावर, आपल्या माणसांत.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की ही ठरलेली पद्धत आहे आणि बऱ्याच देशांत चालते. निधनाच्या उघड्या पोस्टी शोधायच्या, फोटो आणि मजकूर उचलायचा, त्या नावाने पान किंवा प्रोफाइल तयार करायचं आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांनाच गाठायचं. कुणाला कमेंटमधून, कुणाला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवून. कधी प्रक्षेपणाऐवजी ‘कुटुंबाच्या मदतीसाठी’ म्हणून पैसे मागतात. आमच्या बाबतीत त्यांनी मजकूर उचलला तो पोस्ट दुरुस्त होण्याआधी. त्या खोट्या पानावर शेवटपर्यंत जुनीच वेळ होती, १०. मी दादाला एक फोन केला असता तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण ज्याचे वडील गेलेत त्याला अशा वेळी लिंकसाठी कशाला त्रास द्यायचा, असं वाटलं. आपल्याला असं वाटणार हे या लोकांना पक्कं माहीत असतं.

पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह होतं, त्यावरही मी विसंबले होते. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही आणि ते संकेतस्थळ यांच्यामधला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. संकेतस्थळ कुणाचं आहे हे ते सांगत नाही. ते कुलूप दिसण्यासाठी संकेतस्थळाला लागणारं प्रमाणपत्र कुणालाही काही मिनिटांत फुकट मिळतं, लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था २०१५ पासून ती देते आहे.

पैशांबद्दल जे उशिरा समजलं ते सांगते. एका कार्डावरचा व्यवहार बँकेने परत फिरवला. दुसऱ्यावरचा नाही, कारण पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘चाचणी कालावधीनंतर मासिक वर्गणी’ असं लिहिलेलं होतं आणि मी ते मान्य केलं असं धरलं गेलं. त्यावर मी रीतसर हरकत घेतली आहे. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या व्यवहारांत अशा हरकतीसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण तिच्यावर विसंबून राहू नका, त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. पानाचे, कमेंटचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण ते पान मी दोन दिवसांनी उघडलं तेव्हा नाहीसं झालं होतं. आणखी एक गोष्ट. कार्ड बंद केलं की संपलं असं समजू नका. वर्गणी घेणाऱ्या व्यापाऱ्याला तुमच्या नव्या कार्डाचा तपशील आपोआप कळवण्याची सोय कार्ड कंपन्यांच्या यंत्रणेत असते. त्यामुळे बँकेला वेगळं सांगावं लागतं की या व्यापाऱ्याला दिलेली पुढच्या सगळ्या वसुलीची परवानगी रद्द करा.

मी हा प्रकार जाहीर लिहिल्यावर आठवड्याभरात दोघांचे मेसेज आले, ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा.’ तीही फसवणूकच असते. ज्यांची एकदा फसवणूक झाली आहे त्यांना हे मुद्दाम हेरतात.

ज्यांच्या घरी अशी वेळ येईल त्यांना हात जोडून सांगणं आहे. पोस्ट टाकतानाच त्यात लिहा की थेट प्रक्षेपण आहे की नाही, आणि असेल तर लिंक कोण पाठवेल. त्या माणसाचं नाव द्या, लिंक मात्र पोस्टमध्ये नको, ती व्हॉट्सअॅपवर ज्याची त्याला जाऊ द्या. हे काम दुःखात बुडालेल्या माणसावर टाकू नका, एखादा भाचा, पुतणी, शेजारी पुढे होऊ दे. कमेंटी बंद ठेवता येतात, निदान विधी होईपर्यंत तरी ठेवा. यूट्यूबवरून दाखवायचं असेल तर त्या खात्यावर पहिल्यांदा थेट प्रक्षेपण सुरू करायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, ऐन वेळी ते होत नाही. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत तुटते. थोडेच लोक असतील तर साधा व्हॉट्सअॅप व्हिडिओ कॉल पुरतो, त्यात ३२ जण बसतात.

आणि बघणाऱ्यांनो, घरच्यांनी ठेवलेल्या अंत्यदर्शनाला कार्डाचा नंबर कशाला लागेल? नंबर मागितला की तिथेच पान बंद करा आणि घरी फोन करा. शोकातल्या घरात तुमचा फोन जड होणार नाही. दादा मला तेच म्हणाला, “एक मिस्ड कॉल दिला असतास तरी मी सांगितलं असतं गं.”

परवा एका ओळखीच्या बाईंच्या निधनाची पोस्ट दिसली. खाली तीच कमेंट, शब्दही तेच, फक्त फोटो वेगळा. मी त्यांच्या मुलीला लगेच फोन केला. ती म्हणाली, आम्ही कुठलंही प्रक्षेपण ठेवलेलं नाही, आणि तिने कमेंट काढून टाकली. अर्ध्या तासात दुसऱ्या नावाने ती पुन्हा आली. मग तिने कमेंटीच बंद केल्या, आणि आम्ही दोघी मिळून तिच्या आजीपासून सुरुवात करून एकेका नातेवाइकाला फोन करत बसलो.