जॅझवर पोट भरायचंय: मुंबई की गोवा?

निव्वळ जॅझ वाजवून घरभाडं निघेल असं गाव या किनाऱ्यावर नाही. मुंबईही नाही, गोवाही नाही. म्हणून कुणी सल्ला मागितला की मी आधी उलट प्रश्न टाकतो: ज्या दिवशी जॅझ नसेल, त्या दिवशी काय वाजवायची तयारी आहे? गाव त्यावरूनच ठरतं.

मुंबईत हा हिशेब जुनाच. १९३५ साली अमेरिकन वादक लिऑन ॲबीचा बँड ताजमध्ये वाजू लागला, आणि पुढे हे संगीत उचललं ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळेत स्वरलिपी घोटून आलेली ही मंडळी धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या क्लबांत, स्वस्तात राहायची. रात्री हॉटेलात स्विंग (नाचायला लावणारं जॅझ), दिवसा फिल्म स्टुडिओ. ‘चिक चॉकलेट’ नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ आपल्या पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांच्या ताफ्यात होते. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्यासाठी अरेंजिंग करत, म्हणजे कोणतं वाद्य कुठे काय वाजवणार ते लिहून देत. जीव जॅझमध्ये असला तरी चूल स्टुडिओवर पेटायची.

सिंथेसायझर आला आणि ते काम आटलं, पण संपलं नाही. जाहिराती, मालिकांचं पार्श्वसंगीत, पार्श्वगायकांचे दौरे, कंपन्यांचे कार्यक्रम, शिकवण्या हे सगळं मुंबईत आहे आणि वर्षभर आहे. पियानो, गिटार, बेस, ड्रम्स यांना मागणी जास्त. अरेंजिंग येत असेल तर विचारूच नका. ट्रंपेटवाल्याला मात्र इथे बरीच वाट बघावी लागते.

जागांवर भिस्त ठेवू नका. १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स ज्या रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर वाजवून गेले, ते शांतता क्षेत्राच्या नियमात अडकलं. लोअर परळचं ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब २००७ मध्ये उघडलं, २०१६ मध्ये बंद झालं. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात कान देऊन ऐकणारे श्रोते मिळतात, पण वर्षाकाठी तारखा किती येणार? मुंबईत टिकतात ती माणसं, आणि त्यांचं नातं फोनवर जुळतं. ‘उद्या बदली येशील का?’ हा फोन ज्याला येतो तो इथला झाला. वेळेवर पोचणं, कागद पाहून वाजवणं आणि गायिकेने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कपाळाला आठी न पाडणं, एवढं जमलं की दुसऱ्या बँडचा फोन येतो. मात्र सोसायटीत रियाज करू देत नाहीत, तालमीची खोली तासावर घ्यावी लागते, आणि ड्रम्स टॅक्सीत घालून मालाडहून कुलाब्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच.

गोव्याबद्दल बाहेरच्यांचा एक मोठा गैरसमज असतो: पर्यटक आहेत म्हणजे काम आहे. किनाऱ्यावरचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. तिथे ओळखीची गाणी लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी बॅकिंग ट्रॅक (आधीच ध्वनिमुद्रित साथ) लावून एकच माणूस अख्खी संध्याकाळ काढतो. उघड्यावर असाल तर रात्री दहाला स्पीकर बंद.

खरं काम आत, गावात आहे. ख्रिस्ती लग्नांत नाचासाठी जिवंत बँड हवाच असतो. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, बँड लागतो. आणि तियात्राला, म्हणजे कोकणी संगीत नाटकाला, रंगमंचासमोर ट्रंपेट-सॅक्सोफोनसकट वादक बसतात, त्यातल्या कांतारांना (गाण्यांना) साथ करतात. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांनी कोकणी गाण्यात ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं) असा झुलवला की गोव्याच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचाही कान तयार आहे. फुंकवाद्य वाजवणाऱ्याला इतकं घरगुती मार्केट मुंबईत सापडणार नाही. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, गावोगाव मुलं पियानो-व्हायोलिन शिकतात, त्यामुळे शिकवण्याही चालतात. मात्र लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत ख्रिस्ती लग्नं थांबतात. ते आठवडे आधीच हिशेबात धरा.

आणि हे काम बाहेरच्याला पटकन मिळत नाही. बँड घराण्यातले, गावातले, एकाच चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेले असतात. मराठी माणसाला कोकणी लवकर येते, तेवढा फायदा जरूर घ्या. इंग्रजीवर भागवणारा कायम पाहुणाच राहतो. राहायला उत्तर गोव्यातलं आसगाव-शिवोली शोधू नका, तिथली भाडी आता डोळे पांढरे करतात. मडगावच्या बाजूला, सासष्टीत घर बघा. वादकही तिकडेच भेटतील.

माझा कौल विचाराल तर वाद्यावर जाईन. पियानो, गिटार, ड्रम्स किंवा स्वतःच्या रचना असतील तर मुंबई. ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन असेल, स्वरलिपीचं वाचन पक्कं असेल आणि लग्नात नाचाची गाणी वाजवण्यात कमीपणा वाटत नसेल, तर गोवा. कानावर शिकलेल्या पोरांनी, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांनी, कुठेही जाण्याआधी स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकावं; दोन्हीकडे पहिली अडचण तीच येते. ‘दोन्हीकडे पाय’ हा सल्ला पुष्कळ जण देतात. कोकणकन्याने रात्रीत जाता येतं हे खरं, पण सॅक्सोफोन असेल तरच. डबल बेस घेऊन तो प्रवास करून बघा.

गोव्याला जाणार असाल तर डिसेंबरात जाऊ नका. तेव्हा मुंबईचेही वादक थर्टीफर्स्टसाठी तिथे उतरलेले असतात आणि कुणाला मान वर करायला फुरसत नसते. जूनमध्ये जा. पाऊस लागला की लोक घरी असतात, तालमीला बोलावतात आणि पुढच्या हंगामाचे बँड तेव्हाच जुळतात.