लोहगाव वाढवावं की पुरंदरला नवा विमानतळ?

साताऱ्यात पुण्याच्या विमानतळाचा विषय निघाला की दोन तट पडतात. लोहगावात २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, खर्च होऊन गेलाय. पण धावपट्टी एकच, तीही हवाई दलाची. इमारत कितीही वाढवा, विमानं किती उतरणार हे तिथंच अडतं. शिवाय आपल्याला अख्खं पुणं ओलांडावं लागतं. विमान चुकण्याची धास्ती कात्रजलाच सुरू! पुरंदरला कापूरहोळ-सासवडमार्गे जाता येईल. मात्र त्यासाठी पारगाव, वनपुरी, कुंभारवळणसह सात गावांची जमीन जाणार, अंजीर-सीताफळाच्या बागांसकट. शेतकऱ्यांचा विरोध उगीच नाही.

वर्षाकाठी एखादी दिल्लीवारी करणाऱ्याला लोहगाव पुरतं. वरचेवर परदेशी जाणाऱ्यांना, माल पाठवणाऱ्यांना पुरंदरच सोयीचं.