जुनी गाडी घेताना इंजिन तपासायचं: स्कॅनर की कॉम्प्रेशन टेस्ट?

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावणं सोपं आहे, स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये घातला की दोन मिनिटांत कोड दिसतात, पी ०३०० आला तर मिसफायर होतंय (सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही) एवढं कळतं. पण विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर स्क्रीन एकदम स्वच्छ दिसणार, म्हणून आधी स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बरेचसे 'अपूर्ण' दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती, आणि अशा वेळी मी तरी बयाणा देणार नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती प्रेशर तयार होतं ते मोजणं. त्याला मेकॅनिक लागतो, सगळे स्पार्क प्लग काढायचे, इंधन आणि स्पार्क बंद करायचा, प्लगच्या जागी प्रेशर गेज लावायचा, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारायचा. वेळखाऊ आहे खरं, पण हे आकडे कोणाला पुसता येत नाहीत. आकडा किती हवा ते गाडीच्या मॅन्युअलात असतं, पण मला सिलिंडरांमधला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो, साधारण १०-१५ टक्क्यांच्या वर गेला की काहीतरी गडबड आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, प्रेशर चढलं तर पिस्टनच्या रिंगा घासल्यात, नाही चढलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग), आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर गॅस्केटवरच संशय घ्यायचा.

सेन्सर, वायरिंगचे प्रॉब्लेम मात्र स्कॅनरच दाखवतो. त्यामुळे पाच गाड्या बघायच्या असतील तर स्कॅनरने चाळा, जी खरंच घ्यायची तिची कॉम्प्रेशन टेस्ट कराच, आणि मालक प्लग काढू देत नसेल तर ती गाडी सोडून द्या.