फ्युएल रॅट्स: एलिट डेंजरसमधली फुकटची आणि एक नंबर सर्व्हिस

एलिट डेंजरस हा अंतराळात जहाज उडवायचा ऑनलाइन गेम नव्याने खेळायला घेतलेल्या प्रत्येकाला फ्युएल रॅट्स हा खेळाडूंचा ग्रुप माहिती असायलाच पाहिजे. गेम आला डिसेंबर 2014 मध्ये आणि ही मंडळी 2015 पासून काम करतायत, काम एकच, फ्युएल संपून अंतराळात अडकलेल्याला जाऊन फ्युएल द्यायचं. आत्तापर्यंत लाखाच्या वर लोकांना वाचवलंय त्यांनी, आणि एक क्रेडिटसुद्धा (गेममधले पैसे) घेत नाहीत. सगळे खेळाडूच, स्वतःचा वेळ घालून येतात.

गेममध्ये आपली आख्खी आकाशगंगा आहे, 400 अब्ज तारे, आणि नवीन माणसाच्या जहाजात बरेचदा फ्युएल स्कूपच, म्हणजे ताऱ्याजवळून फ्युएल ओढून घेणारा भागच नसतो. टाकी संपली की जहाज उडवून द्यायचं हाच उपाय दिसतो, पण तसं केलं की न विकलेला सगळा एक्सप्लोरेशन डेटा, म्हणजे फिरून जमवलेली ताऱ्या-ग्रहांची माहिती गेली.

माझ्या भाच्याचं हेच झालं, मी शेजारीच बसले होते. त्याने रॅट्सकडे मदत मागितली तर डिस्पॅचरने, म्हणजे चॅटवर सूचना देणाऱ्याने, सगळ्यात आधी काय विचारलं, तर ऑक्सिजन संपायचा टायमर चालू झालाय का? झाला असेल तर आधी मेन मेनूला लॉग आउट करायचं, कारण साध्या लाइफ सपोर्टमध्ये (जहाजातली ऑक्सिजनची सोय) 5 मिनिटंच मिळतात आणि लॉग आउट केलं की तो टायमर थांबतो. याचा टायमर चालू नव्हता, मग लाइफ सपोर्ट सोडून जहाजाचे बाकीचे मॉड्यूल (भाग) बंद करायला लावले, मग फ्रेंड रिक्वेस्ट, टीम इन्व्हाइट, रॅटला जागा सापडावी म्हणून बीकन, एकेक पायरी, याने दोनदा चुकीचं बटण दाबलं तरी समोरचा शांतच. थोड्या वेळात उंदीरमामा हजर, लिंपेट (छोटे ड्रोन) सोडले, एका लिंपेटमधून 1 टन फ्युएल मिळतं, टाकी भरली.

पण मला खरं आवडलं ते त्यानंतरचं. लगेच पळाले नाहीत. फ्युएल स्कूप कुठला घ्यायचा, गॅलेक्सी मॅपवर फिल्टर कसा लावायचा, आणि के जी बी एफ ओ ए एम या वर्गाच्याच ताऱ्यांवरून फ्युएल भरता येतं, हे त्याला नीट समजेपर्यंत सांगत बसले. एवढं कसं कळलं नाही असा सूर एकदाही लागला नाही. पैसे देऊन घेतलेल्या सर्व्हिसचे कस्टमर केअरवालेसुद्धा असं बोलत नाहीत हो! आता पोरगा स्वतः रॅट व्हायचं म्हणतोय.

कमी काय वाटलं तर एकच, आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं आणि सूचना भराभर येतात, घाबरलेल्या नवख्याला वाचता वाचता घाम फुटतो. जरा हळू सांगा म्हटलं की सांगतात, लाजू नका. आणि वस्तीपासून हजारो प्रकाशवर्षं लांब अडकलात तर तासन् तास थांबायची तयारी ठेवा, तिकडेही येतात ते, पण त्यांनाही एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर एकेक जंप मारतच यावं लागतं.

फ्युएल आहे पण जहाजच फुटायला आलंय अशी वेळ आली तर हल सील्स नावाचा दुसरा ग्रुप आहे, ते रिपेअर लिंपेट घेऊन येतात, तेही फुकट.