३१ की ५३? सप्तकाचे भाग पाडताना

१२ समान सुरांमधला ४०० सेंटचा (पूर्ण सप्तक म्हणजे १२०० सेंट) गांधार एकदा कानाला टोचू लागला, की शोध बहुधा सप्तकाच्या दोन समान विभागण्यांपाशी येऊन थांबतो: ३१ आणि ५३ पायऱ्या.

कागदावर ५३ सरस. पंचम शुद्धापेक्षा (साध्या गुणोत्तराच्या सुरापेक्षा) जेमतेम ०.०७ सेंट उतरलेला, गांधार १.४ सेंट. ३१ मधला गांधार त्याहूनही नेमका, ०.८ सेंट चढा. पण पंचम ५.२ सेंट उतरतो. सा २४० हर्ट्झवर धरला तर सा-प जोडीत सेकंदाला दोन हेलकावे (आवाजाची लहानमोठी होणारी लहर) ऐकू येतात. ५३ मध्ये अर्ध्या मिनिटात एखादा. अखंड षड्जावर एकेरी सुरावट वाजवणाऱ्याने ५३ घ्यावं, यात फारसा वाद नसावा.

कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, आले की चित्र पालटतं. ५३ मध्ये शुद्ध रे दोन: आठव्या पायरीवरचा धैवताशी जुळतो, नवव्यावरचा पंचमाशी. सा मेजर, ध मायनर, रे मायनर, प मेजर, पुन्हा सा हा कॉर्डांचा साधा फेरा घ्या. सामाईक सूर न हलवता प्रत्येक कॉर्ड शुद्ध लावत गेलं, तर ३९ वरच्या धैवतावरून रे ८ वर येतो, प ३१ ऐवजी ३० वर आणि सा एक पायरी, म्हणजे २२.६ सेंट, खाली. चार फेऱ्यांत जवळजवळ अर्धा स्वर गेला! टाळायचं तर रे मध्येच सरकवावा लागतो, आणि धरलेला सूर सरकलेला लपत नाही. दर चालीला हा हिशेब मला नकोसा झाला; निवड तिथेच ठरली. ३१ मध्ये रे एकच, पाचव्या पायरीवर, आणि फेरा निघाला तिथेच परततो.

राहिला ३१ चा उतरलेला पंचम. हेलकावा येतो तो सा-च्या तिसऱ्या आणि प-च्या दुसऱ्या हार्मोनिकच्या (मूळ सुराच्या पटीतल्या उपसुराच्या) टकरीतून. तिसरा हार्मोनिक मवाळ असलेला किंवा छेडल्यावर लवकर विरणारा आवाज निवडला, तर हेलकावा फारसा जाणवत नाही. लांब धरलेल्या ऑर्गनवर मात्र जाणवेल.

४:७ या गुणोत्तराचा कोमल निषाद हवा असेल तर ३१ मध्ये २५ वी पायरी १.१ सेंटवर सापडते. ५३ मध्ये ४३ वी ४.८ सेंट चढी. आणि मिडीचे (इलेक्ट्रॉनिक वाद्यांना सूर कळवणाऱ्या संकेतपद्धतीचे) १२८ सूर एकाच चॅनेलवर ओळीने लावले तर ३१ ला चार सप्तकं मिळतात, ५३ ला अडीचही पुरी नाहीत. पुढचं चॅनेल वाटून घ्यावं लागतं.