समुद्रासमोरचं रेस्टॉरंट की बंदराजवळची खाणावळ?

किनाऱ्यावरच्या शहरात एकच दिवस हाताशी आहे, मासे खायला कुठे जाऊ, असं एका मैत्रिणीने विचारलं. ‘शहरात नंबर एक’ वगैरे पाट्या बाजूला ठेवूनच बघू.

सगळ्यात महत्त्वाचा ताजेपणा. बंदरावर होड्या लागतात, लिलाव होतो आणि मासळी जवळच्या स्वयंपाकघरात जाते, म्हणून तिथला मेनू छोटा आणि रोज बदलणारा. ‘आज तो मासा नाही’ असं सांगणारी खाणावळ मला जास्त भरवशाची वाटते. समुद्रासमोर लांबलचक यादी बारा महिने तीच असेल, तर बरीचशी मासळी फ्रीझरमधली असणार. नीट गोठवलेला मासा वाईट नसतो. पण तो सावकाश गोठला, तर आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात, आणि वितळताना पाणी सुटून मांस भुसभुशीत होतं. कुठेही गेलीस तरी शिजवण्याआधी मासा बघायला माग: डोळे फुगीर नि स्वच्छ, कल्ले लालभडक, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा.

खर्चात खाणावळ सहसा स्वस्त. समुद्रासमोरच्या रेस्टॉरंटच्या बिलात जागेचं भाडंही असतंच.

सोयीचं मात्र उलटं. खाणावळीत गर्दी, बाकडी, आणि उशीर झाला की चांगला माल संपलेला. रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवता येतं, सूर्यास्तही खरोखर सुंदर दिसतो.

माशाच्या चवीसाठीच जायचं तर खाणावळ, तीही दुपारी लवकर. सोबत वयस्कर आईवडील असतील किंवा निवांत गप्पा हव्या असतील, तर समुद्रासमोर बस; फक्त आज काय ताजं आलंय ते विचारून तेवढंच मागव.